शेवंतीचे बिबे

पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वळणापलीकडे विरला, तसा शेवंतीनं चुलीवरचा चहा उतरवला. गरम उंडा मधोमध मोडला, अर्धा बशीत घेतला, अर्धा फडक्यात बांधला. तो बसमध्ये खायचा. सातची बस मिळाली की पावणेआठला डिचोली, आणि आठच्या ठोक्याला कमलाक्षीबाईंच्या न्हाणीत पाण्याच्या तांब्याच्या भाणाखाली जाळ, असा गेल्या दोन महिन्यांचा तिचा नेम होता. कमलाक्षीबाईंच्या घरी नातू झाला होता. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला शेवंती लाटंबार्सेहून रोज जात होती.

कोनाड्यातलं पातळ काढायला ती वळली आणि दाराच्या चौकटीवर टकटक झाली.

त्या वाडीत दार कोणी वाजवत नाही. येणारा अंगणातूनच हाक मारतो, आणि हाकेला उत्तर मिळायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेला असतो. दार सताड उघडं असताना चौकट वाजवणारा म्हणजे एक तर पोस्टमन, नाहीतर मनात काही अवघड घेऊन आलेला माणूस.

बाहेर गोकुळदास उभा होता. कमलाक्षीबाईंचा मुलगा. खाणीच्या ऑफिसात कारकून, बोलायला मऊ. स्कूटर त्यानं रस्त्यावरच लावली होती.

"अरे, गोकुळबाब! आत ये मरे. च्या घेतंस?"

"नको, मावशी." तो पायरीच्या खालीच थांबला. "आजपासून तू येऊ नको. आईनं सांगितलंय."

शेवंतीच्या हातात पातळ तसंच राहिलं. "बाळाक बरा नाय?"

"बाळ मजेत आहे."

"मगे सुनबाय?"

गोकुळदासनं स्कूटरकडे बघितलं. "तिच्या पोटावर फोड आलेत. टाक्यांचा वण आहे ना, तिथंच. तू बिबे लावायला सांगितलंस, त्यानं भाजलं म्हणते आई. बायकांचं आहे, मला त्यातलं काय कळतं?"

"कधी लावल्यान?"

"काल दुपारी. रात्री दाखवलं आईला." एवढं बोलून तो जायला निघाला, मग थोडा घुटमळला. "चहा नंतर कधीतरी घेईन, मावशी," म्हणाला आणि गेला.

सातची बस आली, हॉर्न वाजवून दोन क्षण थांबली आणि गेली. शेवंती पायरीवर बसून होती. चहावर साय धरली.

बिबे म्हणजे काजूचे कोवळे गर. फाल्गुनात काजूच्या बिया अजून हिरव्या असतात तेव्हा त्या चिरून आतला दुधाळ गर काढायचा, गरम पाण्यात टाकून साल ओढायची. इकडे त्याचं तोणक होतं, उसळ होते, बाजारात शंभराच्या हिशेबानं बिबे विकायला बसतात. गर गोड, पण त्याच्या टरफलात असतं ते तेल विस्तवासारखं. बिबे काढणाऱ्या बाईची बोटं मोसमभर काळी पडून सोलवटतात. शेवंतीची स्वतःचीही बोटं आत्ता तशीच होती. आणि तेच तिच्या मनात आलं. पोरीनं बाजारातून बिबे आणले असतील, कोणी घाईत काढलेले, टरफलाचं तेल तसंच राहिलेलं. धुवून घे म्हणून आपण सांगितलं होतं का? सांगितलं होतं. नक्की? ती बोटांकडे बघत बसली. जितकं आठवायचा प्रयत्न करी, तितकी ती आठवण पुसट होत जाई.

शेवंती मूळची दोडामार्गाकडची. गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी ती लग्न होऊन इकडे आली. तोवर मध्ये नाका होता, सोयरीक करायची तर कागद दाखवावे लागत. तिचे वडील लग्नात ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या शेवंतीसाठी फिरंगी गेले." नवरा बाबली सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, अजूनही चालवतो, शनिवारी घरी येतो तेव्हा खाणीच्या धुळीनं कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल असतो. घरात राहिल्या सासू आणि सून. सासूबाई, पार्वती, ही त्या चार-पाच गावांची न्हाऊ घालणारी. सुनेला तिनं पहिल्या महिन्यातच न्हाणीत ओढलं.

"पाणी कोपरानं बघायचा," ती सांगायची. "हातानं नाय. कामाचे हात सगळा सोसतत, त्यांका काय कळता?"

त्याच वर्षी शेवंतीचा हात भाजला. भाणातून पाणी काढताना चुलीची एक बाजू खचली आणि उकळतं पाणी डाव्या हातावर आलं. जखम महिन्यात भरली. मग भरलेली कातडी हळूहळू वर यायला लागली. मनगटापासून कोपरापर्यंत एक लालसर, चकचकीत, बोटभर जाडीचा पट्टा. आणि खाज अशी, की झोपेत ती हात भिंतीला घासायची. नव्या सुनेचा हात तसा बघून आलेगेले विचारायचे, जन्मापासून आहे काय गो? शेवंती पदराखाली हात ठेवायला शिकली.

पार्वतीनं त्या हाताला वर्षभर भिरंडेल लावलं. कोकमाच्या बिया कुटून, उकळून वर जे घट्ट तेल धरतं ते. त्याचे अंड्याएवढे गोळे करून ठेवतात. गोळा तळहातावर फिरवून ऊब द्यायची, आणि दोन बोटांनी वणावरून दाबत न्यायचं. घासायचं नाही. कोकमाचा मोसम लांब असला आणि गोळे संपले, तर फाल्गुनात बिबे असायचे. नारळाच्या रसात मऊ वाटून त्याचा थर द्यायचा. दुखणं त्यानं जात नव्हतं, पण रात्रभर झोप लागायची. दोन वर्षांनी पट्टा खाली बसला. अजून दिसतो, उन्हात जरा जास्त.

म्हणून बायका तिला आपले वण दाखवायच्या. चुलीचे, विळीचे, देवीच्या टोचणीचे, हल्ली हल्ली पोटावरचे. आणि शेवंती प्रत्येकीला तेच सांगायची, "वण जायत नाय बाय. गप बसता."

किती बाळं तिच्या पायांवरून न्हाऊन गेली हे ती मोजत नसे. ते मोजायचं नसतं.

कमलाक्षीबाईंची सून सुमंगला साताऱ्याकडची. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं, पण ऐन वेळी आई पाय मोडून अंथरुणाला खिळली. तिनं भावाबरोबर बाळंतविड्याचा डबा पाठवला आणि पोरगी इथंच राहिली. मूल पोट कापून काढावं लागलं. शेवंतीच्या हातात तशी बाळंतीण फार थोड्या वेळा आली होती. तिनं पोटाला कधी जोर लावला नाही, तिथे पाण्याची धारसुद्धा हातावर घेऊन सोडायची. सुमंगलेला हे कळलं असावं. कारण पाच-सहा दिवसांपूर्वी न्हाऊन झाल्यावर तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली होती, "मावशी, एक दाखवू? आईंना सांगायचं नाही हं."

वण एका टोकाला वर आला होता, लाल, गांडुळासारखा.

"खाजता?"

"खाजतंय म्हणजे काय! जीव नको होतो. चारचौघांत बसले की हात तिथंच जातोय. लाज वाटते हो."

शेवंतीनं बोट टेकवून बघितलं. "भिरंडेल सरला बाय माझा. नवा आता मे महिन्यात. तोवर बिबे लाव."

"बिबे? ह्याच्यावर?"

"मगे! माझी सासू लायत होती माका. नीट घेतले तर काय एक होवचा नाय. थंड पडता."

सुमंगलेचा चेहरा जरा विचारात पडला होता. पण नेमकं तेव्हा बाळ रडलं, बाहेरून कमलाक्षीबाईंनी धुरीची कोळशांची शेगडी आणली, आणि बोलणं तिथंच राहिलं. वाटायचं कसं, रस किती, हे उद्या सांगू असं शेवंतीच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी ती विसरली. पायरीवर बसल्या बसल्या हे सगळं तिला आठवलं, आणि धुवून घे असं आपण सांगितलंच नव्हतं हेही आठवलं.

पहिला दिवस तसा गेला. दुसरा दिवसही. तिसऱ्या दिवशी ती पाणी भरून येत होती, तर दोडामार्गाहून येणारी सातची बस थांबली आणि कंडक्टर अनंत दारातून बाहेर झुकला. ह्या रस्त्यावरचे निम्मे निरोप तोच पोचवायचा.

"काय गो शेवंतीबाय, दोन दिवस तुझी सीट रिकामी. मी कोणाला देत नाही, हां."

"दी कोणाक व्हयी त्याका."

"बरं, साळच्या शिवदासांनी निरोप दिलाय." अनंतचा आवाज जरा उतरला. "त्यांनी दुसरी बाई बघितली म्हणे. तू येऊ नको."

साळच्या शिवदासांच्या मुलीला नववा महिना होता. शेवंतीला त्यांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. शिवदास स्वतः पार्वतीच्या पायांवर न्हालेले, त्यांचे तिन्ही मुलगे शेवंतीच्या.

"कित्याक?" तिनं विचारलं, पण उत्तर तिला ठाऊक होतं.

अनंतनं डोकं खाजवलं. "बुधवारच्या बाजारात बोलत होत्या बायका. तू म्हणे बाळंतिणीला भाजलंस."

आज एक घर गेलं. उद्या त्या घराकडे बघून दुसरं जाईल. पिकावर कीड यावी तसं हे काम जातं, एका कोपऱ्यापासून. शेवंतीनं कळशी तिथंच दगडी गडग्यावर ठेवली. पातळ साधं होतं, पाय ओले होते, घराला कडीही लावली नव्हती.

"मागे हो," ती अनंतला म्हणाली. "मी येतंय."

कमलाक्षीबाई सोप्यावर तांदूळ निवडत होत्या. शेवंती दिंडीतून आत आलेली त्यांनी बघितली, पण सुपावरची नजर उचलली नाही.

"ये म्हणून सांगितलं नव्हतं मी."

"ठावक आसा."

"मग?"

"भाजला तां बघूक इलंय, वयनी. बघून जातंय."

"बघून काय करणार तू?" आता सूप बाजूला झालं. "बावीस वर्षं हे काम करतेस, आणि टरफलाचं तेल अंगाला लागलं तर काय होतं हे तुला मी शिकवायचं? बिबे धुवून घ्यायला सांगितलं नाहीस ना तिला? परक्या मुलखातली पोर, तिला काय माहीत!"

"नाय सांगलंय," शेवंती म्हणाली. "ती चूक माझी."

कमलाक्षीबाई भांडायच्या तयारीनं बसल्या होत्या. समोरून कबुलीच आल्यावर त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. तेवढ्यात आतून सुमंगलेनं हाक मारली, "मावशी आल्यात का?" आणि शेवंती कोणी हो-ना म्हणायच्या आत आत गेली.

सुमंगला पलंगावर उताणी पडून होती. फोडांवर कापड लागू नये म्हणून परकर सैल सोडलेला. शेवंतीनं खिडकी उघडली, उजेडात वाकून बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली.

वणाच्या कडेनं काळे ठिपके होते. एकसारखे, बोटभर अंतरावर, ओळीत. रांगोळीला घालावेत तसे. प्रत्येक ठिपक्याभोवती पाण्याचा फोड, आणि त्याच्या भोवती लाली.

"बाय," ती म्हणाली, "ह्यां वाटून लायलंस?"

"वाटून?" सुमंगलेनं मान उचलली. "बिबा कोण वाटतं, मावशी? हात जळतील की!"

"मगे कसो लायलंस?"

"सुईच्या टोकावर घेतला, दिव्यावर धरला. तेल सुटलं तसं टेकवत गेले. आमची आई टाचांना असंच करायची. मला भीती वाटत होती हो, पण तुम्ही म्हणालात नीट घेतलं तर काही होत नाही."

दारात उभ्या असलेल्या कमलाक्षीबाई आत आल्या. "काजूचा बिबा सुईवर धरलास?"

"काजूचा कशाला?" सुमंगला म्हणाली. "बिबा, आई. बिब्याचाच बिबा."

मग सुमंगलेनं कोपऱ्यातल्या माहेरच्या डब्याकडे बोट केलं. शेवंतीनं तो उघडला. डिंक होता, आळीव होते, खारीक होती, आणि तळाशी एका पुडीत गुंडीएवढी काळी, चकचकीत, चपटी फळं.

शेवंतीनं एक उचललं, उजेडात धरलं आणि लगेच पुडीत टाकून बोट पदराला पुसलं. "ह्यां परटाचा फळ! ह्याच्यान परीट कापडार खुणा करता. धुवून धुवून कापड फाटता, पण ती खूण जायत नाय."

"पण ह्यालाच तर बिबा म्हणतात," सुमंगला म्हणाली.

"कोण म्हणतं?" कमलाक्षीबाईंनी विचारलं.

"सगळे. अख्खा सातारा जिल्हा म्हणतोय."

कमलाक्षीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एक वाडगा घेऊन आल्या. दुपारच्या तोणकासाठी सोलून ठेवलेले पांढरे, ओले गर पाण्यात पडलेले होते. "हे बिबे. रविवारी उसळ खाल्लीस दोन वेळा वाढून घेऊन, ती कशाची होती?"

"काजूची."

"बिब्यांची!"

"मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलं होतंस?"

"ताटात काजू दिसत होते की हो! भाजी कसली म्हणून काय विचारायचं?"

पहिल्यांदा शेवंतीला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं, पण खांदे हलले. मग सुमंगला हसली, आणि हसताना पोट ओढलं गेलं म्हणून "आई गं" करून थांबली. कमलाक्षीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. वाडगा हातात धरून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" त्यांनी सुनेला विचारलं. "खाजतंय म्हणून. बिबे सांगितलेत म्हणून. मी घरातच होते ना?"

सुमंगला नखानं चादरीची शिवण कुरतडत राहिली. "तुम्ही म्हणाला असता, पोट कापून घेतलं, आता हे आणि," ती शेवटी म्हणाली.

कमलाक्षीबाईंनी वाडगा खाली ठेवला. असं त्या म्हणाल्या असत्या, हे खोलीतल्या तिघींनाही माहीत होतं.

"फोडांक काय लायलात?" शेवंतीनं विषय पुढे नेला.

"तूप लावलं. मग कोरफड. शेजारची म्हणाली बटाटा किसून लाव, तोही लावला." कमलाक्षीबाईंच्या आवाजात अजून थोडा तोरा होता.

"आता कायच लावू नकात. डॉक्टरिणीकडे जावया."

"डॉक्टरीण कशाला? चार दिवसांत सुकेल."

"टाक्यांच्या वर भाजलासा, वयनी. ह्यां माझ्या हातातला नाय, आणि तुमच्याय नाय."

डॉक्टरीणबाई बाजाराजवळच बसायच्या. वयानं सुमंगलेपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी बघितलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "बिब्याच्या आधी काय काय लावलं होतं? सगळं सांगा. मी ओरडत नाही."

"लिंबू," सुमंगला म्हणाली.

"आणि?"

"कांद्याचा रस."

"आणि?"

"ह्यांचं नायट्याचं मलम होतं कपाटात. थोडंसंच."

कमलाक्षीबाईंनी कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई कबूल केल्याप्रमाणे ओरडल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. कातडी भरून येताना काही जणांची थांबायचं विसरते, वर येतच राहते, असं त्यांनी समजावलं. त्यात बाळंतिणीचा दोष नाही, टाके घालणाऱ्याचा नाही, खाण्यापिण्याचाही नाही. फोड फोडायचे नाहीत. हे मलम दोन वेळा, पातळ, आणि वर स्वच्छ कापड. दुसरं काही नको. ताप आला, पू दिसला तर त्याच दिवशी यायचं. फोड पूर्ण बरे झाले आणि कातडी नीट भरली की मग वणाला साधं खोबरेल चालेल, हलक्या हातानं. वण सपाट व्हायला वर्ष लागेल, कदाचित पूर्ण होणारही नाही. वाढतच राहिला तर त्या म्हापशाला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतील, तिथे वणातच इंजेक्शन देतात.

"आणि भिरंडेल?" शेवंतीनं विचारलं.

"चालेल. खोबरेलासारखंच."

"बिबे?" मग घाईनं, "आमचे. काजूचे."

डॉक्टरीणबाईंना सगळी हकिगत सांगावी लागली. त्या मान खाली घालून ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचे ओठ आवळले गेले. "तुमचं वाटण लावलं असतं तर वण बसला नसता," त्या म्हणाल्या. "पण थंड वाटलं असतं, आणि भाजलं तर नक्कीच नसतं. मात्र कोणाच्या कातडीला काजूसुद्धा सोसत नाही. म्हणून आधी कोपरावर थोडं लावून एक दिवस बघायचं."

"वण गप बसता इतक्याच सांगतंय मी," शेवंती म्हणाली.

"बरोबर सांगता."

येताना रिक्षात बाळ शेवंतीच्या मांडीवर झोपलं. सुमंगला खिडकीला टेकून बसली होती. कमलाक्षीबाई मधे बसून औषधाची पिशवी उगाच उघडझाक करत होत्या. घरी आल्यावर त्यांनी सुनेला आडवं केलं, पहिल्यांदा स्वतः बसून मलम लावलं, आणि लावताना विचारलं, "झोंबतं काय गो?" आजवर अशा आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या बहुतेक, कारण सुमंगला नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिली.

मग त्या बाहेर आल्या. शेवंती न्हाणीच्या दाराशी उभी होती. दोन दिवस भाणाखाली जाळ नव्हता, राख तशीच होती. ती वाकून राख भरायला लागली, तशा कमलाक्षीबाई म्हणाल्या, "ते राहू दे आता. इकडे ये."

त्यांनी नारळ काढला होता, पानाचा विडा, आणि घडी न मोडलेलं एक नऊवारी लुगडं. हिरवं, बारीक काठाचं. बाळंतपण उरकल्यावर द्यायचं म्हणून आधीच आणून ठेवलेलं असावं.

"हे घे. आणि उद्यापासून ये. आठ वाजता."

शेवंतीनं नारळाला हात लावून नमस्कार केला. लुगडं घेतलं नाही.

"काय झालं? रंग आवडला नाही? की राग आहे अजून?"

"राग नाय."

"मी बाजारात बोलले, मला माहीत आहे. रागात बोललं माणूस. पेडण्याची माझी नणंद भेटली, तिच्याजवळ बोलले, तिथं चार बायका उभ्या होत्या. आता मी काय करू, प्रत्येकीला शोधत फिरू?" कमलाक्षीबाई लुगड्याच्या घडीवरून हात फिरवत होत्या. "तू चार दिवसांनी ये-जा करायला लागलीस की लोक आपोआप समजतील."

शेवंतीनं नाही म्हणून मान हलवली. ते ती बावीस वर्षं बघत आली होती. वाईट ऐकायला लोक जातात, चांगलं ऐकायला कोणी जात नाही. आणि शिवदासांच्या मुलीला दिवस चार-दोनच उरले होते. त्यांच्या घरी उद्या कोणीतरी दुसरी बाई भाणात कोपर घालून बघेल, की हात घालून, कोण जाणे.

"लुगडा मागसून घेतंय," ती म्हणाली. "बाळाचा न्हाण सरला काय. आता एकच करा, वयनी."

"सांग."

"साळच्या शिवदासांकडे तुमी जावा. निरोप नको, तुमी सोता जावा. शेवंतीनं भाजूक नाय, इतक्या सांगा."